मंडळी कोणाची?

'मंडळी' हा शब्द आपण दिवसांतून किती वेळां उच्चारतों याची गणतीच नाहीं. "चला मंडळी, पानें वाढलीं," असें घरांत म्हणतात. गप्पांचा फड जमला कीं "मंडळी रंगांत आली" असें म्हणतात. आणि जुन्या वळणाचे गृहस्थ तर आपल्या पत्नीचा उल्लेखच "आमची मंडळी" असा करीत. ख्रिस्ती लोकांनीं हाच घरगुती शब्द उचलला आणि आपल्या धर्मसमाजास लावला. रविवारीं सकाळीं घंटा वाजते ती देवळाची. त्या घंटेनें जी जमते ती मंडळी. देऊळ दगडविटांचें, मंडळी माणसांची. भेद लहान दिसतो, परंतु ह्या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें मूळ ह्या भेदांतच आहे.

आमच्या सोलापुरच्या शाळांतून नाना धर्मांचीं आणि नाना भाषांचीं मुलें शिकतात. वर्गांत मराठी, मधल्या सुटींत तेलुगू, घरीं कानडी किंवा उर्दू, हा येथील नित्याचा प्रकार. तेव्हां ख्रिस्ती मंडळीच्या कारभाराचा विषय वार्षिकांत कशाला, असें कोणा पालकांस वाटल्यास नवल नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं ख्रिस्ती उपासना नाहीं त्यांच्याही कपाटांत पतपेढीचें पासबुक असतें, विणकरांच्या सहकारी संस्थेचा शेअर असतो, एखाद्या देवस्थानाच्या वा दर्ग्याच्या वर्गणीची पावती असते. आणि वर्षांतून एकदां 'सर्वसाधारण सभेची नोटीस' म्हणून एक कागद घरीं येतो. तो कागद वाचून सभेस कोण जातो आणि त्यांत शेंगाचटणीची पुडी कोण बांधतो, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. आमचें पुढील विवेचन दोघांनाही लागू पडेल.

नव्या करारांत मंडळीसाठीं जो ग्रीक शब्द आला आहे तो 'एक्लेसिया'. हा शब्द ख्रिस्ती लोकांनीं घडविलेला नाहीं. ख्रिस्तापूर्वी चारपांचशें वर्षें अथेन्स शहरांतील नागरिकांच्या सभेस हेंच नांव होतें. युद्ध करावें कीं तह करावा, कोणता कायदा ठेवावा व कोणता मोडावा, हें त्या सभेंत नागरिक हात वर करून ठरवीत. (स्त्रिया आणि गुलाम यांस तेथें जागा नव्हती, हेंही विसरून चालणार नाहीं.) दुसरा शब्द उपासनेचा. उपासनेच्या ठरलेल्या क्रमास इंग्रजींत 'लिटर्जी' म्हणतात. त्याच्या मुळाशीं 'लेतुर्गिया' हा ग्रीक शब्द आहे, आणि त्याचा जुना अर्थ सार्वजनिक काम असा आहे. अथेन्समधील धनवान नागरिकानें स्वखर्चानें लढाऊ गलबत सज्ज ठेवावें, किंवा उत्सवांतील गायकवृंदाचा खर्च सोसावा, यास लेतुर्गिया म्हणत. म्हणजे एक शब्द सभेचा आणि दुसरा कामाचा. दोन्ही नागरिकांचे, प्रेक्षकांचा एकही नाहीं. पहिल्या ख्रिस्ती लोकांपुढें देवळांचीं आणि पूजाअर्चेचीं अनेक नांवें तयार होतीं. आपल्या जमावास नांव देतांना मात्र त्यांनीं नगरसभेचा शब्द निवडला, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

हें केवळ शब्दापुरतें राहिलें नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत एक लहानशी हकीकत आहे. यरुशलेमेंतील मंडळींत गरजूंस रोज अन्न वाटलें जाई. त्या वाटपांत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या लोकांनीं सुरू केली. तक्रार अन्नाची खरी, पण तिच्या आंत भाषेचा आणि आपपराचा सल होता. सोलापुरकरांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं. प्रेषितांस सर्व अधिकार होता. त्यांनीं स्वतःच चार माणसें नेमलीं असतीं तर कोणी त्यांस विचारलें नसतें. परंतु त्यांनीं सर्व शिष्यांस बोलाविलें आणि तुम्हींच आपल्यांतून सात माणसें निवडा, असें सांगितलें. निवडलेल्या सातांचीं नांवें वाचावीं. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन; सगळीं ग्रीक नांवें. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं वाटपाचें काम त्या जमावानें दिलें. ख्रिस्ती मंडळींतील कारभाऱ्यांचा प्रारंभ तो हा. तक्रार झांकली गेली नाहीं, आणि वरून फर्मानही आलें नाहीं. मंडळी जमली, तिनें निवड केली, आणि निवडलेल्यांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवण्यांत आले.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. १८३१ सालीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें त्या मिशनचें ठाणें झालें, १८४२ सालीं 'ज्ञानोदय' पत्र निघालें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत चार्ल्स हार्डिंग यांनीं सोलापुरांत काम आरंभिलें. हे लोक बहुतेक काँग्रिगेशनल पंथाचे होते. त्या पंथाचें मुख्य तत्त्व असें कीं, प्रत्येक गांवची मंडळी आपला कारभार आपण चालविते. आपला पाळक आपण निवडते, आपल्या सेवकांस आपण नेमते, आपला पैसा आपण जमवून आपण खर्च करते. बोस्टनच्या आसपासच्या खेड्यांत हें तत्त्व दोनशें वर्षांच्या संवयीनें अंगवळणीं पडलेलें होतें. परंतु दक्खनच्या पठारावर त्याची गत निराळी झाली. येथें मिशनरीच शाळेचा हेडमास्तर, तोच दवाखान्याचा चालक, दुष्काळांत धान्य वाटणाराही तोच, आणि बहुतेक सभासदांस नोकरी देणाराही तोच. ज्याच्या हातून महिन्याचा पगार घ्यावयाचा त्याच्या समोर सभेंत हात वर करून "आमचें मत निराळें आहे" असें म्हणण्यास छाती लागते. नियम स्वराज्याचा आणि संवय 'मायबाप सरकार' म्हणण्याची, असा तो जोड होता.

ही अडचण त्या मिशनच्या लोकांस दिसत नव्हती असें नाहीं. त्यांच्या बोस्टन येथील संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन हे १८५४-५५ मध्यें हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, देशी मंडळीनें स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःची वाढ स्वतः करावी; परदेशी माणसानें हें होईपर्यंत साह्य करावें आणि मग पुढें जावें. लंडनमधील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच सुमारास हेंच सांगत होते. १८५४ सालींच हरिपंत ख्रिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्या दोघांस नगर येथें पाळकपदाची दीक्षा मिळाली. पहिल्या गृहस्थांचें आडनांव खिस्ती. वर आमच्या लेखणीनें चुकून ख्रिस्ती केलें, आणि वाचकांपैकीं अनेकांचीही तीच चूक होते म्हणून आम्ही ती मुद्दाम खोडली नाहीं. मराठी मंडळीस मराठी पाळक मिळाला. परंतु पाळक मिळाला म्हणजे सर्व झालें, असें नव्हे. त्यास पगार कोणीं द्यावयाचा? मिशननें दिला तर तो मिशनचा नोकर, आणि मंडळीनें दिला तर मंडळीचा पाळक. मंडळी गरीब होती. शेतमजूर, महार, मांग, थोडे शिक्षक, थोडे कारकून. तरी आण्यादोन आण्यांची वर्गणी, सुगींतील ज्वारीचें अधोली-पायली अर्पण, कोंबडीचें पहिलें अंडें, असें करून त्या लोकांनीं आपला वाटा उचलण्यास आरंभ केला. आजच्या मंडळीच्या जमाखर्चाच्या वहीचा पाया त्या अंड्यांवर आहे, हें तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढील प्रवास थोडक्यांत सांगतों. १९२४ सालीं काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. १९२९ पासून अधिक व्यापक ऐक्याच्या वाटाघाटी चालू झाल्या. त्या चाळीस वर्षें चालल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वांत आली. तींत बिशप आहेत, दीक्षित पाळक आहेत, आणि निवडून दिलेले साधे सभासदही आहेत. गांवच्या मंडळीच्या कमिटीपासून थेट सिनडपर्यंत ह्या साध्या सभासदांस जागा आहे आणि मत आहे. दक्षिणेकडील मंडळ्या याच्याही आधीं, १९४७ च्या सप्टेंबरांत, मद्रासेस एक झाल्या होत्या. परदेशी मिशनरी गेले, मिशनची देणगी आटली, इमारती आणि जमिनी मात्र राहिल्या. जें हक्काने मिळावें म्हणून शंभर वर्षें बोलणें चाललें होतें तें हातीं आलें. आतां प्रश्न असा कीं, तें हातांत घेण्यास हात किती पुढें येतात?

रोमन कॅथलिक बंधूंची व्यवस्था निराळी आहे, तरी वारा तिकडेही तसाच वाहिला. सोलापुर हें १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांतांत मोडतें. १९६२ ते १९६५ ह्या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लॅटिनऐवजीं लोकभाषेंत उपासना करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि उपासनेंत सर्व लोकांचा जाणतेपणानें व कृतीनें भाग असावा असें ठरविलें. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेप्रमाणें प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिति असावीच लागते. लोकप्रतिनिधींचें पालकीय मंडळ बिशपांस योग्य वाटेल तेथें नेमावयाचें, आणि तें सल्ला देणारें. अंतिम निर्णय धर्मगुरूंचा. परंतु सल्ला देण्यासही आधीं माहिती लागते आणि हजर राहावें लागतें.

आतां प्रत्यक्ष कारभार कसा चालतो तें पाहूं, कारण "कमिटीत काय असतें हो?" असें विचारणारे पुष्कळ असतात. बाप्तिस्मा झालेला, विश्वासाची जाहीर कबुली देऊन प्रभुभोजनास बसणारा, आणि मंडळीच्या यादींत नांव असलेला प्रौढ मनुष्य हा मतदार. प्रथम यादी. हीच गोष्ट सर्वांत रुक्ष आणि सर्वांत महत्त्वाची. जे पुण्यास नोकरीस गेले, जे मृत झाले, ज्या मुली लग्न होऊन परगांवीं गेल्या, त्यांचीं नांवें यादींत तशींच असलीं आणि नव्या आलेल्या कुटुंबाचें नांव नसलें, कीं पुढील प्रत्येक काम वांकडें होतें. मग नोटीस, ती किती दिवस आधीं लावावी याचा नियम असतो. मग सभा, तींत मागील सभेचें इतिवृत्त वाचावयाचें, जमाखर्च मांडावयाचा, येत्या वर्षाचें अंदाजपत्रक मंजूर करावयाचें, आणि कमिटी निवडावयाची. चिटणीस लिहितो, खजिनदार पैसा सांभाळतो, हिशेबतपासनीस तपासतो. आणि हे तिघे एकाच घरांतील नसावेत, हा कोठें लिहिलेला असो वा नसो, शहाणपणाचा नियम आहे. धर्मशिक्षण आणि संस्कार हीं पाळकांचीं कामें. तीं मतास टाकावयाचीं नसतात. छप्पर, पगार, शिष्यवृत्ति, स्मशानभूमीची भिंत, गरिबांचा फंड हीं सर्वांचीं कामें.

यांत देशाचा कायदाही आहे. महाराष्ट्रांत बहुतेक धार्मिक मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं येते. देऊळ, गुरुद्वारा, चर्च, बहुतेकांस तोच कायदा. विश्वस्त बदलले कीं नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत तो बदल कळवावा लागतो. हिशेब दरवर्षीं तपासून घ्यावे लागतात. आणि विश्वस्त संस्थेची जमीन किंवा इमारत विकावयाची तर कलम ३६ प्रमाणें आयुक्तांची आधीं मंजुरी लागते. हीं तीन कलमें ज्या मंडळींतील दहा माणसांस ठाऊक आहेत त्या मंडळीची जमीन सहसा नाहींशी होत नाहीं. मिशनच्या काळांत गांवाबाहेर असलेल्या जागा आज भर वस्तींत आल्या आहेत आणि त्यांच्या एकेका चौरस फुटाकडे कोणाची तरी नजर आहे. अशा वेळीं सभासदांनीं झोंप काढणें म्हणजे दार उघडें टाकून यात्रेस जाण्यासारखें होय.

झोंपेचा विषय निघाला आहे तेव्हां आमचीच गोष्ट सांगतों; मंडळीचें नांव सांगत नाहीं. एका मंडळींत आम्ही बरींच वर्षें सभासद होतों. शब्बाथशाळेच्या खोलीचें पत्र्याचें छप्पर गळत होतें, आणि त्यासाठीं थोडा थोडा करून पैसा शिल्लक ठेवला होता. वार्षिक सभा मेच्या एका दुपारीं लागली. सोलापुरची मेमधील दुपार कशी असते हें वाचकांस सांगणें न लगे. आम्ही जेवलों, पडदा ओढला, आणि "आपण एक नसलों तर काय अडणार आहे?" असें म्हणून आडवे झालों. सभेस सतरा माणसें आलीं. गणपूर्ति झाली नाहीं, म्हणून नियमाप्रमाणें अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हां भरली, आणि दुसऱ्या वेळेस गणपूर्तीची अट नव्हती. त्या सतरांनीं छपराचा पैसा नव्या ध्वनिवर्धकासाठीं वळविला. कोणीं लबाडी केली नाहीं. त्यांस खरोखरच तें अधिक निकडीचें वाटलें. जुलैमध्यें पाऊस आला. मुलें व्हरांड्यांत येऊन बसलीं, आणि बायबलांतील चित्रांचे तक्ते भिजून गेले. मग काय, उपासना सुटल्यावर लिंबाखालीं जी सभा भरे तिला मात्र गणपूर्तीची वाण कधींच पडली नाहीं. प्रत्येकजण कमिटीस बोल लावी, आणि आम्ही सर्वांत मोठ्यानें लावीत होतों. एके दिवशीं एका लहान मुलीनें आम्हांस सहज विचारलें, "काका, तुम्ही त्या दिवशीं नाहीं म्हटलें होतें का?" तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढील वर्षीं सभा सकाळीं, उपासनेनंतर लागलीच ठेवण्यांत आली. तिला एक वृद्ध बाई आल्या होत्या. अक्षरओळख बेताची, पण आयुष्यभर विडी कारखान्यांत हजारांच्या हिशेबानें विड्या मोजून दिलेल्या. जमाखर्च वाचून होतांच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, रंगाचे पैसे तुम्ही दोनदां वाचले. रंग दोनदां दिला का?" खजिनदार अत्यंत प्रामाणिक गृहस्थ, त्यांनीं वही पाहिली, आणि एकच रकम दोन पानांवर चढली होती. ते म्हणाले, "मावशी, चूक माझी. बरें झालें विचारलेंत." एवढेंच झालें. भांडण नाहीं, आरोप नाहीं. परंतु त्या एका प्रश्नानंतर आणखी सातआठ जणांनीं प्रश्न विचारले, आणि छपराचा फंड त्याच सभेंत निराळा काढून ठेवण्यांत आला. प्रामाणिक खजिनदारास प्रश्नाची भीति नसते. उलट प्रश्न न विचारणाऱ्या सभेमुळें प्रामाणिक माणूसही हळूहळू संशयाच्या छायेंत येतो, आणि मग तो काम सोडून देतो.

लोक कां येत नाहींत, याचीं कारणें आम्हीं पुष्कळांस विचारलीं. कोणी म्हणतो वेळ नाहीं. एके काळीं हें खरें होतें. १८७७ सालीं जुनी मिल सुरू झाल्यापासून पुढें तीनचार पिढ्या ह्या शहराचें घड्याळ भोंग्यावर चाललें, आणि पाळीवर जाणाऱ्या माणसास रविवारही पुरता आपला नसे. आज तो भोंगा नाहीं. कोणी म्हणतो, तेथें नुसतीं भांडणें असतात. हें मात्र नाकारतां येत नाहीं. मंडळीच्या निवडणुकींत दोन घराण्यांची भाऊबंदकी उतरते, जुन्या जातींची ओळख मागल्या दारानें आंत येते, आणि कांहीं ठिकाणीं तर नगरपालिकेच्या निवडणुकीप्रमाणें मतदारांस गाडीनें नेणें-आणणें आणि रात्रीचीं जेवणेंही होतात. परंतु शांत स्वभावाचीं माणसें घरीं राहिल्यानें भांडण मिटत नाहीं. तें फक्त भांडखोरांच्या ताब्यांत जातें. तिसरें कारण कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण तेंच खरें असावें असें आम्हांस वाटतें. मिशनच्या काळापासून अंगांत मुरलेली ती जुनी समजूत, कीं कारभार 'त्यांचा' आणि आपण फक्त जावयाचें. साहेब गेला, त्याची खुर्ची राहिली, आणि खुर्चीवर कोणीही बसला तरी आपण खालींच बसावयाचें.

हीच समजूत उपासनेंतही शिरते, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी एकाच लेखांत घेतल्या. पाळक बोलतात, पेटीवाला पेटी वाजवितो, चार मुली गातात, आणि उरलेले आपण पंख्याखालची जागा शोधतों. पूर्वीच्या मराठी ख्रिस्ती लोकांनीं हें असें चालूं दिलें नव्हतें. आरंभीं त्यांस इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें मिळालीं. तीं त्यांच्या गळ्यास जड जात. तेव्हां नगरकडील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांसारख्या माणसांनीं टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. कीर्तनांत श्रोता मुका राहूं शकत नाहीं. ध्रुपद त्यानेंच उचलावें लागतें. पुढें नारायण वामन टिळक आले. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१९ सालीं ते वारले. त्या चोवीस वर्षांत त्यांनीं मराठी मंडळीस अभंग-ओव्यांच्या वळणाचीं इतकीं भजनें दिलीं कीं 'उपासना संगीत' उघडलें तर पानोपानीं त्यांचें नांव दिसतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' ह्या नांवानें एक नवा मेळा आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रीति करणाऱ्यास त्यांत जागा होती. पगार सोडून मगच स्वतंत्र बोलावें असें त्यांस कां वाटलें असेल, हें वर सांगितलेल्या गोष्टीवरून वाचकांनींच ओळखावें.

सोलापुराहून पुण्यास जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगांवावरून जाते. तेथें पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविलें. १९२२ सालीं त्या वारल्या तेव्हां काम हातावेगळें झालें होतें. त्याचे खिळे जुळविणें, छापणें, बांधणें हीं कामें मुक्ति मिशनमधील स्त्रियांनीं व मुलींनीं केलीं. ज्यांस समाजानें पंगतीबाहेर ठेविलें होतें त्यांच्या हातांनीं शास्त्राचीं पानें जुळलीं. मंडळीच्या कमिटींत स्त्रियांस जागा द्यावी कीं नाहीं, असा वाद अजूनही कोठें निघाला तर वाद घालणाऱ्यांस केडगांवचें तिकीट काढून द्यावें, असें आमचें मत आहे.

उपासनेंत साध्या सभासदाचा वाटा म्हणजे नेमका काय? शास्त्रवाचन आहे, परंतु तें आदल्या दिवशीं घरीं दोनदां वाचून आलेल्यानें करावें, नाहींतर 'नबुखद्नेस्सर' शब्दापाशीं सर्वांचीच परीक्षा होते. मध्यस्थीची प्रार्थना आहे. तींत आपल्या वस्तींतील आजारी मनुष्याचें नांव पाळकांस ठाऊक नसतें, शेजाऱ्यास ठाऊक असतें. तबला आहे, सतरंज्या घालणें आहे, नव्या आलेल्या कुटुंबाशेजारीं जाऊन बसणें आहे. आणि सर्वांत लहान शब्द, 'आमेन'. हा हिब्रू शब्द. अर्थ 'असेंच असो'. प्रार्थना एकानें केली तरी ती सर्वांची होते ती ह्या शब्दानें. कागदावर मजकूर दुसऱ्यानें लिहावा आणि खालीं सही आपण करावी, तसा तो आहे. सभेंत ठरावाच्या बाजूनें वर केलेला हात आणि उपासनेंत म्हटलेला आमेन, हीं एकाच कृतीचीं दोन रूपें आहेत. दोन्हींस आधीं ऐकावें लागतें, समजून घ्यावें लागतें, आणि मग बांधून घ्यावें लागतें. जो न ऐकतां आमेन म्हणतो तोच न वाचतां हिशेबास मंजुरी देतो.

आपल्या शहरांतच याचें एक सुंदर उदाहरण आम्ही दरवर्षीं जानेवारींत पाहतों. सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात. एकेक काठी घरावरून उंच जाते, आणि ती एकाच माणसानें पट्ट्यावर तोलून चालावयाचें. थकला कीं दुसऱ्यानें घ्यावयाची. ती मजुरीनें माणूस लावून कोणी उचलीत नाहीं. यात्रेच्या कित्येक दिवस आधींपासून मानकरी आणि तरुण सराव करतात. लहान मुलें लहान काठी घेऊन मागून चालतात. काठी पडूं नये ही काळजी एकट्या मानकऱ्याची नसते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या सर्वांची असते. धर्म निराळा असला तरी शिकण्यासारखें शिकावें.

पैशाबद्दलही एक परगांवची गोष्ट. मिझोराम हें डोंगराळ आणि गरीब. तेथील ख्रिस्ती स्त्रियांनीं १९१० सालीं अशी चाल पाडली कीं, भात शिजवावयास घेतांना प्रत्येक वेळीं एक मूठ तांदूळ निराळा काढून ठेवावयाचा. आठवड्याअखेर तो गोळा करून विकावयाचा आणि पैसा मंडळीस द्यावयाचा. ती चाल शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे, आणि त्या मुठींवर तेथील मंडळ्यांनीं शाळा आणि सेवक पोसले. आपल्याकडे तांदळाऐवजीं ज्वारी म्हणावी. मूठ काढणारी बाई रोज दोनदां मंडळीची सभासद होते. रविवारची वाट तिला पाहावी लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं म्हणावें, आम्हांस तर मत नाहीं. खरें आहे. परंतु सभेस बसण्यास मनाई नाहीं. आम्ही ज्या मंडळीची गोष्ट सांगितली तेथें दुसऱ्या वर्षापासून नववी-दहावींतील चार मुलांस सभेच्या मागच्या बांकावर बसविण्याची रीत पडली. एकानें हात मोजावयाचे, एकीनें फळ्यावर आंकडे लिहावयाचे, दोघांनीं आपल्या वहींत इतिवृत्त उतरून घ्यावयाचें आणि नंतर चिटणिसांच्या इतिवृत्ताशीं ताडून पाहावयाचें. पहिल्याच खेपेस मुलांच्या वहींत एक ठराव अधिक निघाला. चिटणीस तो लिहावयास विसरले होते. ठराव शब्बाथशाळेच्या छपराचा होता.